सत्तर नळांपैकी एक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक ५३ वर्षांचे, राहतात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या सफक काउंटीत. मूळ गाव कराडजवळ. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. एका बँकेच्या आयटी विभागातली नोकरी गेल्या वर्षी गेली. मुलाखती होतात, पुढे काही होत नाही. घराजवळ एक जुनं ड्राइव्ह-थ्रू दुकान विकायला निघालंय. लाल बार्नसारखी (म्हणजे इथल्या शेतावरच्या गोठ्यासारखी) इमारत, शेजारी सायलो, म्हणजे चारा साठवायचा उंच मनोरा, गाडीतून न उतरता दूध, ब्रेड, अंडी घ्यायची. एकेकाळी इथे जी 'डेअरी बार्न' नावाची साखळी होती, तिच्यातलंच हे एक. चालू धंदा आणि लीजची उरलेली सात वर्षं मिळून मालक १,४०,००० डॉलर मागतोय. पैसे ४०१(के)मधून, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या फंडातून, काढायचा विचार आहे. दोन गॅस स्टेशनं (पेट्रोल पंप) चालवणारे ओळखीचे एक गुजराती गृहस्थ म्हणतात, घेऊन टाका. पत्नी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. त्या म्हणाल्या, "एवढं शिकून गाडीच्या खिडकीत दूध देत उभे राहणार? आणि रात्री नऊला बंद करायला कोण जाणार?" मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचक विचारतात: पत्नीची समजूत कशी घालू?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं, आणि सोबत पाठवलेली धंद्याच्या आराखड्याची अकरा पानंही. समजूत घालण्याचा प्रश्न सध्या बाजूला ठेवते. तो विचारताना बाकीचं सगळं ठरल्यात जमा आहे असं तुम्ही धरून चाललायत, आणि मला तसं वाटत नाही. आपण पहिल्या पानापासून सुरुवात करू. त्या साखळीच्या इतिहासाचं ते पान मला सगळ्यात आवडलं आणि सगळ्यात जास्त खटकलंही.

आवडलं, कारण मी त्या बार्नची गिऱ्हाईक होते. १९८६चा जानेवारी. मुलगा दहा महिन्यांचा, मागच्या सीटवर गाढ झोपलेला, बाहेर बर्फाचा चिखल आणि घरात दुधाचा थेंब नाही. सुपरमार्केटला जायचं म्हणजे त्याचे पट्टे सोडवा, अंगात कोट घाला, तो जागा होणार, मग रात्री बारापर्यंत सगळ्या घराला जागवणार. मी गाडी बार्नच्या लेनमध्ये घातली, काच चार बोटं खाली केली. बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घातलेला एक शाळकरी पोरगा पळत आला. दोन टक्केवाल्या दुधाचा गॅलन आणि एक ब्रेड. मिनिटभरात पिशवी आत आली, सुटे पैसे हातावर पडले तेव्हा ओले होते, आणि पोर उठलं नाही. तुमच्या आराखड्यात 'कन्व्हिनियन्स' हा शब्द पानापानावर आहे. मला त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

तर खटकलं काय? तुम्ही लिहिलंय, '१९६१पासून सिद्ध झालेलं मॉडेल'. डीटर कॉसमन आणि एडगर गालूर यांनी १९६१ साली डेअरी बार्न सुरू केलं, बरोबर. भरात असताना लाँग आयलंडवर सत्तरच्या आसपास दुकानं होती, तेही बरोबर. पण त्या दुकानांच्या मागे काय होतं, ते तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. मागे ईस्ट नॉर्थपोर्टची ओक ट्री डेअरी होती. दूध तापवणारा, थंड करणारा, भरणारा स्वतःचा कारखाना. कारखाना रोज इतकं दूध भरणार, आणि ते दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. बार्न म्हणजे त्या टाकीला लावलेले सत्तर नळ. दुधावर दुकानात दोन पैसे कमी सुटले तरी मालकाचं बिघडत नव्हतं, कारण कारखान्याचा नफाही त्याच घरात जात होता.

तुम्ही घेताय तो त्यातला एक नळ. टाकी केव्हाच गेली. डेअरीच्या त्या जागेवर आज पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी घरं उभी आहेत. (तुम्हाला दोन वर्षांनी तिथे राहायला मिळेल, दुधाचा कारखाना मात्र मिळणार नाही.)

हे मी तुम्हाला सांगावं याचंच मला नवल वाटतं. पत्रात तुम्ही लिहिलंय, 'दूध माझ्या रक्तात आहे.' मग वडिलांची संस्था आठवा. पहाटे आणि संध्याकाळी संकलन, किटल्या घेऊन आलेल्या बायकांची रांग, फॅट काढायचं यंत्र, दहा दिवसांचं बिल. फॅट कमी लागला की सचिवाच्या टेबलासमोर होणारी भांडणं तुम्ही लहानपणी ऐकली असणार. पण गोळा झालेलं दूध जायचं कुठे? संघाच्या शीतकरण केंद्रात. खपवायची जबाबदारी संघाची, तोटा झाला तर तो सभासदांत वाटला जायचा, आणि सचिवांचा पगार ठरलेला. मीही दादरला आरेच्या केंद्रावर पहाटे पत्र्याचं कार्ड घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलगी आहे. त्या टपरीएवढ्या केंद्राला कुणी 'सिद्ध झालेलं मॉडेल' म्हटलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की ते सरकारी डेअरीचं पुढचं टोक आहे. तुमच्या रक्तात दूध आहे हे मी मान्य करते. एकट्याने दूध विकण्याचा अनुभव त्या रक्तात नाही.

आता काळाकडे बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटटाउनमध्ये बटाट्याच्या शेतांवर १७,०००हून जास्त घरं उभी राहिली. त्या घरांच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांशिवाय कुणी राहू नये असं कलम होतं. आपल्यासारख्यांनी लाँग आयलंडचा सोनेरी काळ आठवताना ते विसरू नये. आपण बहुतेक जण १९६५ साली इमिग्रेशनचा कायदा बदलल्यानंतर आलो. असो. सफक काउंटीची लोकसंख्या १९५०मध्ये पावणेतीन लाख होती, १९६०मध्ये पावणेसात लाखांच्या जवळ गेली आणि १९७०मध्ये सव्वाअकरा लाख झाली. दर घराला गाडी, दर घरात फ्रिज, लहान मुलं खंडीभर, आणि दुकान चालत जाण्याइतकं जवळ कुठेच नाही. त्याच वेळी दारात बाटल्या ठेवणारा दूधवाला नाहीसा होत होता. १९६३मध्ये अमेरिकेत जवळपास ३० टक्के दूध घरपोच जायचं, १९७५पर्यंत ते ७ टक्क्यांवर आलं. तो दूधवाला गेला आणि मुलांना तर रोज दूध हवंच होतं. संध्याकाळच्या लोकलने येणारा बाप स्टेशनवरून घरी जाताना लाल बार्नमध्ये गाडी वळवायचा. जागा, काळ आणि माल तिन्ही जुळून आले होते. कॉसमन-गालूर हुशार होते यात शंका नाही, पण त्यांना वाराही पाठीमागून होता.

तो वारा पुढे फिरला. १९७३च्या तेलटंचाईनंतर सेल्फ-सर्व्हिस पंप वाढले, आणि पंपावरच्या मेकॅनिकच्या गाळ्यात दूध-चिप्स-सिगारेटचं दुकान आलं. आज अमेरिकेत दीड लाखांच्या आसपास कन्व्हिनियन्स स्टोअर्स आहेत, त्यातली जवळजवळ ८० टक्के पेट्रोलही विकतात. माणूस पेट्रोलला उतरतोच, मग दूध तिथेच घेतो. सुपरमार्केटं रात्री उशिरापर्यंत उघडी राहू लागली, औषधांच्या दुकानातही दूध मिळू लागलं. शिवाय लोक दूध प्यायचेच कमी झाले: १९७५मध्ये माणशी वर्षाला २४७ पौंड, आता जेमतेम त्याच्या निम्मं. सिगारेटचंही तेच. १९६५मध्ये ४२ टक्के प्रौढ ओढायचे, आता १० टक्क्यांच्या आसपास. आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटची किंमत वाढत गेली ती वेगळीच. साखळी एका दिवसात कोसळली नाही. एकेक दुकान विकलं गेलं, काही ठिकाणी पाटी बदलून तेच खोकं चालू आहे. तुम्हाला मिळतंय ते असंच एक.

तुमचं दुसरं गृहीतक पान चारवर आहे. 'स्थानिक लोकांना बार्नबद्दल प्रचंड आपुलकी.' आहेच. मलाही आहे, वर पानभर लिहिलं की. पण मी तिथे शेवटची कधी गेले ते आठवायला मला डोकं खाजवावं लागलं. माझं पोर आता चाळिशीला आलंय. आपुलकी असलेलं गिऱ्हाईक लाल इमारतीचा फोटो काढतं, मुलांना दाखवतं आणि कॉफी दुसरीकडे घेतं.

त्यातून ड्राइव्ह-थ्रूची एक अंगभूत अडचण आहे, जी तुमच्या आकड्यांत कुठेच नाही. गिऱ्हाईक आत येत नाही. आत न आलेला माणूस फक्त ठरवून आलेली वस्तू मागतो. नेहमीच्या दुकानात दुधाचा फ्रिज मुद्दाम मागच्या भिंतीला असतो, म्हणजे दुधापर्यंत जाता-येता चिप्स, चॉकलेट, गरम सँडविच दिसावं. दुधावर कमाई थोडी. कमाई त्या वाटेवर आहे. तुमच्या दुकानात ती वाटच नाही. प्रत्येक विक्रीला एक माणूस धावावा लागतो. पुढच्या गाडीतल्या काकांनी लॉटरीचे नंबर आठवायला चार मिनिटं घेतली तर मागच्या पाच गाड्या अडकतात, आणि त्यातली एक कायमची निघून जाते. तुमच्या बाजूचंही सांगते: चोरी नगण्य, जागा लहान म्हणून हीटिंगचं बिल कमी, आणि लहान मुलं असलेल्या आया, पाय दुखणारे म्हातारे, व्हीलचेअर वापरणारे यांना या दुकानासारखी सोय दुसरी नाही. हे गिऱ्हाईक खरं आहे. ते रोज किती येतं, हा प्रश्न आहे.

याच काळात, अशाच गरजेतून निघालेल्या दुसऱ्या दुकानांकडे बघा. पेनसिल्व्हेनियात डेलावेअर काउंटीत वावा डेअरीचीही दारोदारची दुधाची गिऱ्हाइकं तुटत होती. ग्रॅहम वुड यांनी १९६४ साली फॉल्सम गावात पहिलं दुकान काढलं, तेही आपलं दूध खपावं म्हणून. पण त्यांनी गिऱ्हाइकाला आत घेतलं, पुढे सँडविच, कॉफी आणि मग पेट्रोल. आज वावाची हजाराहून जास्त दुकानं आहेत आणि दूध हा त्यातला एक कोपरा. त्याच काउंटीत १९६८ साली स्विस फार्म्स निघालं, गाडीतूनच माल घ्यायचं दुकान. ते टिकलं, पण आपल्या टापूच्या बाहेर फारसं गेलं नाही. दुकानं जवळजवळ असली की एक ट्रक सगळीकडे माल टाकतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्समध्ये १९७७पासून ब्रू थ्रू आहे. तिथे गाडी थेट इमारतीच्या पोटातून जाते, दोन्ही बाजूंना फ्रिज दिसतात, समुद्रावर सुट्टीला आलेली मंडळी बिअर घेतात आणि आठवण म्हणून दुकानाचा टी-शर्टही. म्हणजे तिथे गिऱ्हाईक गाडीसकट आत येतं! फोटोमॅटची टपरी आठवते का? गाडीतून फिल्म द्यायची, दुसऱ्या दिवशी फोटो घ्यायचे. ऐन भरात चार हजारांच्या वर टपऱ्या होत्या. तासाभरात फोटो देणारी मशीनं आली आणि त्या पार्किंगमधल्या रिकाम्या डब्या झाल्या. खिडकी चांगलीच होती. खिडकीतून जे मिळायचं ते दुसरीकडे लवकर मिळायला लागलं.

म्हणून पहिलं पान पुन्हा लिहा. 'साखळी का वाढली' याला एक परिच्छेद, 'का आटली' याला दोन. हे मी शिक्षा म्हणून सांगत नाही. कुठल्याही बंद पडलेल्या किंवा आटलेल्या साखळीचं दुकान घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. मोटेल असो, पिझ्झाचं असो, डोनटचं असो. आटण्याची कारणं तुमच्या कोपऱ्यावर लागू आहेत की नाहीत, एवढंच तपासायचं असतं.

आता पत्नी. त्यांनी दोन वाक्यं उच्चारली. तुम्ही पत्रात पहिल्या वाक्यावर पाऊण पान लिहिलंय: तिला माझी लाज वाटते, तिच्या मैत्रिणी काय म्हणतील, मराठी मंडळाच्या गणपतीला काय सांगायचं. दुसऱ्या वाक्याला तुमच्याकडे उत्तरच नाही. रात्री नऊला बंद करायला कोण जाणार? हा धंद्यातला सगळ्यात अचूक प्रश्न आहे, आणि तुमच्या अकरा पानांत तो नाही. लाजेचं म्हणाल तर त्यांचं वाक्य बोचरं होतं, मान्य. पण जरा स्वतःलाही विचारा. पदवीचा कागद घेऊन खिडकीत उभं राहायची लाज नक्की कुणाला वाटतेय? तुम्ही आराखड्यात स्वतःला सगळीकडे 'ओनर-ऑपरेटर' म्हटलंय, आणि दूध हातात देणारा माणूस मात्र कुठेही तुम्ही नाही. तिथे 'स्टाफ' आहे.

तर त्या स्टाफचा हिशेब मांडू. लाँग आयलंडवर २०२६पासून किमान वेतन तासाला १७ डॉलर आहे. सकाळी सात ते रात्री नऊ, सात दिवस, म्हणजे ९८ तास. एका वेळी एकच माणूस धरला तरी आठवड्याला १,६६६ डॉलर, वर पगारावरचे कर आणि विमा वेगळे. समजा गॅलनमागे तुम्हाला अर्धा डॉलर सुटतो. नुसता हा पगार काढायला आठवड्याला ३,३३२ गॅलन विकावे लागतील. भाडं, वीज, बर्फ उपसणं पुढे. आणि दुधाचा भाव मनाला येईल तसा वाढवून हे भरून काढता येणार नाही. न्यूयॉर्क राज्यात दुधाच्या किरकोळ भावावर कायद्याने मर्यादा आहे. म्हणजे एक तर दूध हे निमित्त ठेवून कमाई दुसऱ्या कशावर करायची, नाहीतर त्या ९८ तासांतले साठ-सत्तर तास तुम्ही स्वतः उभं राहायचं. दुसरं करायची तयारी असेल तर पत्नीला तसं सांगा. समजूत घालावी लागणार नाही, बोलणी करावी लागतील. ती वेगळी गोष्ट आहे.

गुजराती गृहस्थांचा सल्ला खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांचे दोन पंप आहेत, माल घाऊक उचलतात, एका दुकानाचा माणूस आजारी पडला तर दुसऱ्याचा पाठवतात. त्यांच्यासाठी हा तिसरा नळ आहे. त्यांना सरळ विचारा: भागीदार होता का? 'हो' म्हणाले तर त्यांच्या सल्ल्याला वजन आहे. 'बघू' म्हणाले तर तो सल्ला चहाबरोबर दिलेला होता.

आता कामाच्या गोष्टी. लहान दुकानांच्या वह्या तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली, त्यातून आलेल्या. अमेरिकेत चालू दुकान घेणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील.

मालक म्हणेल, "कागदावर आहे त्यापेक्षा गल्ला जास्त आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. त्याला नम्रपणे सांगा: कागदावर आहे तेवढ्याचेच पैसे देईन. तीन वर्षांची फेडरल टॅक्सची रिटर्न्स आणि विक्रीकराची तिमाही रिटर्न्स मागा. ज्याने सरकारला कमी विक्री दाखवली, त्याने तुम्हाला खरी दाखवली असेल याचा पुरावा काय? माझ्या एका अशिलाने असाच 'कागदाबाहेरचा गल्ला' विकत घेतला होता. दुकान आठ महिने चाललं.

दुसरं, आणि हे फार जणांना माहीत नसतं. न्यूयॉर्कमध्ये चालू धंदा घेताना एयू-१९६.१० हा फॉर्म राज्याच्या करखात्याला किमान दहा दिवस आधी पाठवावा लागतो, पैसे देण्याच्या किंवा ताबा घेण्याच्या, जे आधी असेल त्याच्या. तो न पाठवता व्यवहार केलात तर जुन्या मालकाने थकवलेला विक्रीकर तुमच्या गळ्यात पडू शकतो. वकील हे करेलच असं धरू नका. फॉर्म पाठवल्याची प्रत मागून घ्या.

बिअरचा परवाना दुकानाबरोबर येत नाही. तुमच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो, आणि तो हातात पडेपर्यंत तात्पुरत्या परवान्याची सोय होते का ते आधी बघावं लागतं. तंबाखूची नोंदणीही नवी. मालकाने दाखवलेल्या विक्रीतून बिअर आणि सिगारेट वजा करून पाहा, उरतं ते तुमचं पहिल्या महिन्याचं दुकान. गरम चहा-समोसे विकायचा तुमचा बेत (पान सात, मला आवडला) असेल तर कुठल्या खात्याची परवानगी लागते, सिंक किती, सांडपाणी कुठे, हे सगळं त्या खोक्यात बसतं का ते आधी विचारा. हिक्सव्हिलमध्ये, आपल्या लोकांच्या वस्तीत, चहा खपतो म्हणून तुमच्या रस्त्यावर खपेल असं नाही.

लीज मात्र शब्दन् शब्द वाचा. १,४०,०००मध्ये खरी वस्तू तीच आहे. भाडं दरसाल किती वाढतं, सात वर्षांनंतर मुदत वाढवायचा हक्क कुणाचा, डांबर आणि बर्फ कुणाकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागामालकाला इमारत पाडायची झाल्यास किती महिन्यांच्या नोटिशीवर तुम्हाला बाहेर काढता येतं. रहदारीच्या कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. कुठल्या तरी बँकेच्या किंवा कॉफीवाल्याच्या नकाशावर तो आधीच असेल. पाडण्याचं कलम असेल आणि मालक ते काढायला तयार नसेल, तर बोलणी तिथेच थांबवा. मग बाकी काहीही बघू नका.

४०१(के) सोडा. तुम्ही साडेएकोणसाठचे नाही, त्यामुळे काढलेल्या रकमेवर आयकर आणि वर १० टक्के दंड. १,४०,००० काढलेत तर दंडच १४,०००, आणि कर भरून हातात उरेल त्यात दुकान येणार नाही. म्हणजे अजून जास्त काढावे लागतील. दंड चुकवून फंडातला पैसा धंद्यात घालायची कायदेशीर योजना आहे म्हणून कुणी सल्लागार येईल. योजना असते, पण तिचं कागदपत्रांचं ओझं आयुष्यभराचं, आणि धंदा बुडाला तर म्हातारपण बुडतं. मुलीची अजून दोन वर्षांची फी आहे, आणि घराचा आरोग्यविमा पत्नीच्या नोकरीवर आहे. त्यांनी लॅब सोडून दुकानात बसावं हा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. पत्रात नाही, पण पान नऊवर 'फॅमिली लेबर' असं लिहिलंय तुम्ही.

माझं मत विचारलंत तर, या भावाला, या पैशातून, घेऊ नका. पण दुकानाचा विचारच सोडा असंही मी म्हणणार नाही. देशातली साठ टक्के कन्व्हिनियन्स स्टोअर्स एकेकट्या दुकानाच्या मालकांचीच आहेत. त्यात आपल्याकडची माणसं भरपूर, आणि त्यांच्या मुलांची लग्नं थाटात झालेली मी जेवून आलेय. मालकाला वर्षभराचा करार सुचवा: ठरलेलं भाडं देऊन तुम्ही चालवता, वर्षअखेरीस ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क तुमचा. तो बरेच दिवस गिऱ्हाईक शोधत असेल तर ऐकेल. या प्रयोगात जास्तीत जास्त किती बुडवायचे तो आकडा आधीच, पत्नीसमोर, कागदावर लिहा. तो आकडा गाठला की किल्ली परत. आणि तोपर्यंत कंत्राटी काम मिळतंय का ते शोधणं थांबवू नका. ५३ व्या वर्षी बाजारात काय वागणूक मिळते ते मला ठाऊक आहे, त्यात तुमची लायकी मोजली जात नाही.

त्याआधी एक करा. घरून खुर्चीसारखं काहीतरी आणि थर्मास घेऊन समोरच्या पार्किंगमध्ये गाडी लावा. एक मंगळवार, एक शनिवार आणि एक पावसाचा दिवस. सकाळी सात ते नऊ, दुपारी चार ते नऊ. किती गाड्या शिरल्या, किती जणांनी रांग बघून वळवल्या, पिशवीत दूध किती जणांच्या दिसलं, कॉफी किती. मागच्या सीटवर मूल असलेल्या गाड्यांसाठी वेगळी खूण करा, मला त्याचा आकडा हवाय. शनिवारी पत्नीला सोबत घेऊन जा, वही त्यांच्याकडे द्या. लॅबमधली माणसं मोजताना चुकत नाहीत. नऊ वाजता शटर ओढणारा कोण आहे, त्याला घरी जायला गाडी आहे का, तेही दोघांनी बघा.

आकडे आले की लिहा. लीजची प्रत मला पाठवू नका, ती वकिलाला दाखवा.